तिसऱ्याची मते कुणाच्या खात्यात?

निवडणूक जाहीर झाली की तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तो ना? तो नुसता मते खायला उभा आहे!’ बोलणारा राज्यशास्त्र शिकलेला नसतो. पण राज्यशास्त्रातला एक मोठा सिद्धान्त त्याने चहाच्या दोन घोटांमध्ये सांगून टाकलेला असतो. निवडून येण्याची शक्यता नसलेला उमेदवार स्वतः कुठे पोहोचत नाही, पण दुसऱ्या कुणाला तरी पोहोचवतो किंवा वाटेत अडवतो. मग अशा उमेदवाराला मत देणारा माणूस शहाणा म्हणायचा की खुळा? हा प्रश्न आपल्याकडे दर निवडणुकीत येतो. पण तो सर्वांत लखलखीतपणे दिसतो तो अमेरिकेत. कारण तिथे दीडशेहून अधिक वर्षे दोनच पक्ष आलटूनपालटून राष्ट्राध्यक्ष देत आले आहेत, आणि तरीही दर चार वर्षांनी कुणीतरी ‘तिसरा’ कंबर कसून उभा राहतोच.

त्या तिसऱ्यांतला अलीकडच्या काळातला सर्वांत मोठा म्हणजे टेक्सासचा अब्जाधीश रॉस पेरो. संगणक-सेवेच्या धंद्यात पैसा मिळवलेला, ठेंगणा, फटकळ माणूस. फेब्रुवारी १९९२ मध्ये लॅरी किंग यांच्या टेलिव्हिजन कार्यक्रमात त्याने सांगितले, की सामान्य लोकांनी पन्नासही राज्यांत माझे नाव मतपत्रिकेवर आणले तर मी उभा राहीन. लोकांनी ते आणले. जूनमध्ये गॅलपच्या चाचणीत पेरो ३९ टक्क्यांवर होता. अध्यक्ष जॉर्ज बुश आणि बिल क्लिंटन दोघेही त्याच्या मागे. जुलैत तो अचानक बाहेर पडला आणि १ ऑक्टोबरला पुन्हा आत आला. मग टेलिव्हिजनवर अर्ध्या-अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन, तक्त्यांवर छडी फिरवीत, सरकारी तुटीचे गणित तो मास्तरासारखा समजावून सांगू लागला. आणि लोक ते बघत बसले! नोव्हेंबरात त्याला १ कोटी ९७ लाख मते मिळाली, म्हणजे १८.९ टक्के. जवळजवळ पाचांतल्या एका मतदाराने त्याला पसंती दिली. पण राष्ट्राध्यक्ष ज्यांच्या मतांवर ठरतो त्या ५३८ निर्वाचकांपैकी त्याच्या वाट्याला किती आले? शून्य.

मी आयुष्यातली तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली. तिथे एखादी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची हे ठरत नसेल, तर ती ‘सस्पेन्स’ खात्यात ठेवतात. पण ती नाहीशी होत नाही. आज ना उद्या तिचा हिशेब लावावाच लागतो, आणि तो लागेपर्यंत तपासणीला आलेला ऑडिटर त्या नोंदीवर बोट ठेवीत राहतो. १ कोटी ९७ लाख माणसांनी भरलेली रक्कम वहीत शून्य दिसत असेल, तर माझ्यासारख्याला स्वस्थ बसवत नाही. ही मते गेली कुठे? कुणाच्या नावे पडली? कुणाच्या खात्यात जमा झाली?

वहीची रचना

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक एक नाही. पन्नास राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून त्या ५१ निवडणुका आहेत. प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या अंदाजाने निर्वाचक मिळतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळली, तर ज्याला राज्यात एका मताने का होईना सर्वाधिक मते, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. दुसऱ्याला काही नाही, तिसऱ्याला तर नाहीच. बहुमताचा आकडा २७०. पेरोची मते देशभर सारखी पसरलेली होती. मेनमध्ये तो बुश यांच्या पुढे आणि युटामध्ये क्लिंटन यांच्या पुढे, दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पहिला मात्र कुठेच नाही. म्हणून शून्य.

या वहीचा चमत्कार बघायचा असेल तर १९४८ सालची निवडणूक बघावी. त्या वर्षी ट्रुमन आणि ड्युई या मुख्य उमेदवारांखेरीज आणखी दोघे रिंगणात होते. एक स्ट्रॉम थर्मंड. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याच्या हट्टापायी फुटून निघालेले. दुसरे हेन्री वॉलेस. रूझवेल्ट यांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष, पुरोगामी मतांचे. दोघांनाही साडेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे प्रत्येकी २.४ टक्के मते मिळाली. थर्मंड यांची मते दक्षिणेत एकवटलेली होती. त्यांनी चार राज्ये जिंकली आणि ३९ निर्वाचक मिळवले. वॉलेस यांची मते देशभर विखुरलेली. त्यांना एकही निर्वाचक नाही. सारख्याच ठेवीवर एकाला भरघोस व्याज आणि दुसऱ्याची ठेवच गायब! म्हणजे जो तिसरा एका प्रदेशाचा राग घेऊन येतो त्याला ही पद्धत थोडीफार जागा देते, आणि जो साऱ्या देशाला उद्देशून काही म्हणतो त्याला बाहेर ठेवते.

मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ साली नेमकी ही गोष्ट मांडली. एका जागेसाठी ‘सर्वाधिक मते त्याचा विजय’ हा नियम असला की कालांतराने दोनच पक्ष उरतात. कारण मते विखुरतात आणि मतदारही हळूहळू ‘वाया’ जाणारे मत द्यायला कचरतात. आपण म्हणू, की लोकसभेला आपल्याकडेही हाच नियम आहे, मग आपल्याकडे पक्षांची एवढी जत्रा कशी? त्याचे उत्तर खुर्च्यांच्या संख्येत आहे. आपल्याकडे एका राज्यात पाय रोवून असलेला पक्ष दहा खासदार घेऊन दिल्लीला जातो आणि सरकार बनवताना त्या दहांना किंमत येते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची खुर्ची एकच. तिचे दहा टक्के कुणाला देता येत नाहीत.

शिवाय दारावर पहारेही आहेत. एकेकाळी तिथे मतपत्रिका पक्षच छापीत आणि वाटीत. १८८८ नंतर गुप्त मतदानासाठी सरकारी मतपत्रिका आली. ही सुधारणा चांगलीच होती. पण मतपत्रिकेवर कुणाचे नाव यावे हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे राज्यांच्या विधिमंडळांकडे, म्हणजेच तिथे बसलेल्या दोन पक्षांकडे गेला. प्रत्येक राज्याचा नियम निराळा. न्यूयॉर्कने २०२० साली अपक्षासाठी सह्यांची अट १५ हजारांवरून ४५ हजारांवर नेली, आणि त्या गोळा करायला मुदत सहा आठवड्यांची. टेलिव्हिजनवरच्या जाहीर वादचर्चांचेही तसेच. १९८७ साली दोन पक्षांनी मिळून त्यासाठी एक आयोग स्थापन केला. १९९२ मध्ये पेरोला तिन्ही चर्चांत बोलावले होते. १९९६ मध्ये त्याच पेरोला ‘जिंकण्याची शक्यता नाही’ म्हणून वगळले. पुढे २००० पासून चाचण्यांत सरासरी १५ टक्क्यांची अट आली. जो दिसत नाही त्याला टक्के कसे मिळणार, आणि टक्के नाहीत तर तो दिसणार कसा? नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी, अशी आपल्या मुलांची जी गत होते तीच ही गत.

आणि समजा, एखाद्या तिसऱ्याने खरोखरच काही राज्ये जिंकली आणि कुणालाच २७० चा आकडा गाठता आला नाही, तर? घटनेप्रमाणे निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. त्या सभागृहात बसलेले कोण? त्याच दोन पक्षांचे लोक. १८२४ साली असे एकदा घडले. अँड्र्यू जॅक्सन यांना सर्वाधिक मते आणि सर्वाधिक निर्वाचक मिळूनही सभागृहाने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडले.

विलीन झालेली खाती

एवढे ऐकून वाचक म्हणतील, मग हे लोक उभे तरी कशाला राहतात? इथे मात्र हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडावा लागतो. छोट्या बँकेचे मोठ्या बँकेत विलीनीकरण झाले की दारावरची पाटी उतरते, पण ठेवी आणि ठेवीदार मोठ्या बँकेकडे जातात. अमेरिकेतल्या तिसऱ्या पक्षांचे बहुधा असेच झाले आहे.

१८९२ साली कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने ओमाहा येथे आपला जाहीरनामा मंजूर केला. चढत्या दराने आयकर, सिनेटरांची थेट लोकांकडून निवड, कामाचे तास कमी करणे, अशा मागण्या त्या काळी माथेफिरूपणाच्या वाटत. त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मते आणि २२ निर्वाचक मिळाले. चार वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाने विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यामार्फत शेतकऱ्यांची चांदीच्या नाण्याची मागणी उचलली आणि पीपल्स पार्टी त्यांच्यामागे जाऊन विरून गेली. पण १९१३ साली दोन घटनादुरुस्त्या आल्या : एक केंद्रीय आयकराची, दुसरी सिनेटच्या थेट निवडणुकीची. पक्ष मेला, मागण्या कायदा झाल्या.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९१२ मध्ये, माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतःच्या रिपब्लिकन पक्षाशी भांडून प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला. मिलवॉकीत त्यांच्या छातीत गोळी घुसली. खिशातल्या भाषणाच्या जाड घडीने आणि चष्म्याच्या डबीने तिचा जोर कमी केला, आणि गृहस्थ तसेच व्यासपीठावर जाऊन तासाहून अधिक बोलले! त्यांना २७.४ टक्के मते आणि ८८ निर्वाचक मिळाले. रिपब्लिकनांचे अधिकृत उमेदवार आणि विद्यमान अध्यक्ष टाफ्ट तिसरे आले, पदरात आठ निर्वाचक घेऊन. निवडून आले ते डेमोक्रॅट वुड्रो विल्सन, ४२ टक्क्यांहून कमी मतांवर. रूझवेल्टनी स्त्रियांना मताधिकार आणि कामगारांसाठी सामाजिक विमा मागितला होता. पहिली गोष्ट १९२० साली देशभर आली, दुसरी १९३५ साली वेगळ्याच रूझवेल्टच्या हातून, डेमोक्रॅटिक पक्षाच्या नावावर.

विलीनीकरणात चांगल्याच ठेवी येतात असे मात्र नाही. १९६८ साली अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस वंशभेदाचा झेंडा घेऊन उभे राहिले. १३.५ टक्के मते, दक्षिणेतली पाच राज्ये, ४६ निर्वाचक. त्यांच्या सभांतला राग पुढच्या काही वर्षांत रिपब्लिकन पक्षाने सौम्य भाषेत आपल्याकडे वळवला आणि शतकभर डेमोक्रॅटांची असलेली दक्षिण हळूहळू कूस बदलून झोपली. पेरोच्या बाबतीत तर ठेवी दोन्हीकडे वाटल्या गेल्या. तुटीचा प्रश्न क्लिंटन यांनी घेतला. १९९८ साली अमेरिकेच्या अंदाजपत्रकात जवळजवळ तीस वर्षांनी शिल्लक दिसली. मेक्सिकोशी खुल्या व्यापाराला पेरोने केलेला विरोध मात्र तसाच पडून राहिला. तो कुणी उचलला, ते पुढे येईलच.

पत्त्यावर अवलंबून असलेले मत

विलीनीकरणाची गोष्ट इथवर बरी वाटते. पण तिला एक काळी बाजू आहे. २००० साली ग्रीन पक्षातर्फे राल्फ नेडर उभे होते. ग्राहकांच्या हक्कांसाठी आयुष्य घालवलेला, मोटारीतल्या सुरक्षेसाठी कारखानदारांशी झगडलेला हा माणूस. त्यांना देशभर २.७ टक्के मते पडली. त्यातली ९७,४८८ फ्लॉरिडात होती. फ्लॉरिडात जॉर्ज डब्ल्यू. बुश अल गोर यांच्यापेक्षा अधिकृत मोजणीत किती मतांनी पुढे होते? ५३७. देशभरात गोर यांना पाच लाखांहून अधिक मते जास्त असूनही फ्लॉरिडाच्या जोरावर अध्यक्ष झाले बुश. तेव्हापासून नेडर यांच्या नावाला ‘मते खाणारा’ ही पाटी चिकटली ती चिकटलीच. खरे तर फ्लॉरिडाच्या मतपत्रिकेवरच्या सगळ्या लहानसहान उमेदवारांपैकी प्रत्येकालाच ५३७ हून अधिक मते होती. पण हिशेब जुळत नसला की दोषी माणूस शोधावा लागतो. वही कुणी तपासत नाही.

ही गोष्ट आता मराठी घरांनाही दूरची राहिलेली नाही. माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला राहते, पुतण्या पेनसिल्व्हेनियात. दोघेही तिथले नागरिक, दोघांचीही मुले तिथे शाळेत. २०२४ च्या निवडणुकीआधी दोघांशी वेगवेगळे बोलणे झाले तेव्हा दोघांची तक्रार एकच होती : मोठ्या पक्षांचे दोन्ही उमेदवार नकोत. भाची म्हणाली, ‘मामा, न्यू जर्सीत काय लागणार ते सगळ्यांना माहीत आहे. मी माझ्या मनाला पटेल त्या तिसऱ्याला मत देणार.’ न्यू जर्सीने १९८८ नंतर एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही, त्यामुळे तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. पुतण्या मात्र अडकलेला. पेनसिल्व्हेनियात २०१६ साली निकाल सुमारे ४४ हजार मतांनी लागला होता, २०२० साली ८० हजारांनी. ‘काका, मला तेवढी चैन परवडणारी नाही,’ असे म्हणून त्याने नाक दाबून दोघांपैकी एकाचे बटण दाबले. एकाच आजीच्या हातचे जेवून वाढलेली दोन माणसे, मत एकच, नापसंती एकच. एकाला खरे बोलता आले, दुसऱ्याला आले नाही. फरक फक्त घराच्या पत्त्याचा. ज्या पद्धतीत मनातले मत सांगण्याचा अधिकार पिनकोडवर ठरतो, त्या पद्धतीबद्दल तक्रार करायला तिसऱ्या पक्षाचा कार्यकर्ताच असावे लागत नाही.

त्याच २०२४ मध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांचे प्रकरण झाले. आधी ते डेमोक्रॅटिक पक्षातून उमेदवारी मागत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अपक्ष झाले, तेव्हा काही चाचण्यांत २० टक्क्यांच्या आसपास होते. वर्षभर त्यांची माणसे राज्याराज्यांत सह्या गोळा करीत आणि कोर्टकचेऱ्या करीत फिरली. ऑगस्ट २०२४ मध्ये केनेडींनी डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि मग मिशिगन व विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकांवरून नाव काढून घेण्यासाठी त्यांनाच कोर्टात जावे लागले! नाव निघाले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते ट्रम्प यांचे आरोग्यमंत्री झाले. विलीनीकरण इतके झटपट आणि इतके उघड पूर्वी क्वचितच झाले असेल. त्या निवडणुकीत दोन मोठे पक्ष सोडून बाकी सगळ्यांची मते मिळून दोन टक्क्यांच्या आसपास भरली.

दार बंद, मग भिंतीतून

मला या विषयातली खरी चिंतेची गोष्ट इथे दिसते. गॅलपने २०२३ साली विचारले तेव्हा ६३ टक्के अमेरिकनांनी तिसरा मोठा पक्ष हवा, असे सांगितले. मतपेटीत ते दोन टक्केही उरत नाहीत. मधल्या साठ टक्क्यांची नाराजी जाते कुठे? ती वाफेसारखी आहे. शिट्टी बंद केली म्हणून वाफ कमी होत नाही.

ती आता मोठ्या पक्षांच्या आतून बाहेर पडते आहे. तिथे पक्षाचा उमेदवार पुढारी ठरवीत नाहीत; राज्याराज्यांतल्या प्राथमिक निवडणुकांत सामान्य मतदार ठरवतात. या दारातून अनपेक्षित माणूस येऊ शकतो आणि येतो. १९७६ साली जॉर्जियाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेले जिमी कार्टर याच वाटेने आले. १९७२ साली शर्ली चिशोम ही कृष्णवर्णीय शिक्षिका आणि काँग्रेस-सदस्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभी राहिली. आपण जिंकणार नाही हे तिला माहीत होते, पण पुढच्यांसाठी वाट रुळावी म्हणून. बर्नी सँडर्स आयुष्यभर स्वतःला अपक्ष म्हणवीत आले. २०१६ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे दार ठोठावले.

आणि डोनाल्ड ट्रम्प! १९९९ साली ते पेरोच्या रिफॉर्म पक्षात दाखल झाले आणि त्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपद लढवण्याची चाचपणी केली. फेब्रुवारी २००० मध्ये बाहेर पडले. या वाटेने काही साधत नाही, हे धंदेवाईक माणसाने चार महिन्यांत ओळखले. सोळा वर्षांनी तेच रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत उतरले. तिथे त्यांना १ कोटी ४० लाखांच्या आसपास मते पडली, म्हणजे पक्षाच्या प्राथमिक मतदारांतही निम्म्याहून कमी. पण विरोधक अनेक होते, त्यांची मते फुटली आणि दीडशे वर्षांचा पक्ष हाती आला. पेरोची पडून राहिलेली ठेव, मेक्सिकोशी खुल्या व्यापाराला विरोध, तीही त्यांनी काढून घेतली. १९९४ पासून चालत आलेला तो करार जाऊन २०२० साली नवा करार लागू झाला. पेरोला १ कोटी ९७ लाख मते मिळूनही शून्य निर्वाचक. ट्रम्प यांना त्याहून कमी मतांवर एक संपूर्ण पक्ष.

ट्रम्प कुणाला आवडोत वा न आवडोत, मुद्दा तो नाही. तिसऱ्याला अंगणात उभे राहायला जागा दिली नाही तर तो दोनांपैकी एका घराची भिंत फोडून आत येतो आणि मग जुन्या बिऱ्हाडकरूंना घर ओळखू येत नाही. दोन पक्षांची पद्धत देशाला स्थिर ठेवते, असे तिचे समर्थक सांगत आले. २०१६ नंतर ते इतक्या खात्रीने सांगता येत नाही.

चिंतामणरावांची मते

मग दुसरी वही कशी असते? तिचा नमुना बघायला फार दूर जायला नको. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक खासदार आणि आमदार करतात, पण ते नुसती फुली मारीत नाहीत. पहिली पसंती, दुसरी, तिसरी असे क्रमांक घालतात. १९६९ साली ही पद्धत कसाला लागली, आणि त्या गोष्टीत मधला माणूस आपला होता.

काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिराबाईंचा कल व्ही. व्ही. गिरींकडे. हंगामी राष्ट्रपती या नात्याने गिरींनी १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम काढला आणि दुसऱ्या दिवशी निवडणूक लढवायला राजीनामा दिला. त्या वटहुकुमाने ज्या बँका सरकारी झाल्या त्यांतल्याच एकीत पुढे माझी नोकरी झाली. तेव्हा मी शाळकरी होतो. आणि तिसरे उमेदवार, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्याचे, चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडणारे आपले सी. डी.!

पहिल्या पसंतीची मते मोजली तेव्हा गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते होती. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कुणीच तिथवर पोहोचले नव्हते. मग खालच्या उमेदवारांना एकेक करून बाद करीत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाटण्यात आली. बाकी बारा उमेदवारांची मते सगळी मिळून साडेआठ हजारांच्या आसपास. गिरींना तर साडेसोळा हजारांहून जास्त हवी होती. म्हणजे देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्याखेरीज भारताचा राष्ट्रपती ठरणे शक्य नव्हते. त्यांतल्या बहुतेकांवर दुसरी पसंती रेड्डींची होती; तरी गिरींना जेवढी हवी तेवढी मिळाली. शेवटचा आकडा ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७.

देशमुख हरले. पण त्यांना मत देणाऱ्या बहुतेक माणसांची मते सस्पेन्समध्ये पडून राहिली नाहीत, आणि त्यांनी ‘मते खाल्ली’ असे कुणाला म्हणता आले नाही. फ्लॉरिडातल्या त्या ९७,४८८ माणसांना नेडरच्या नावापुढे १ आणि आणखी कुणाच्या नावापुढे २ लिहिता आले असते, तर नेडर हरलेच असते. पण त्या माणसांचे पुढचे म्हणणे काय होते ते देशाला कळले असते.

अमेरिकेत हे अशक्य आहे असे नाही. मेन राज्याने २०१६ साली सार्वमताने पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली. २०१८ साली तिथल्या एका काँग्रेस-जागेवर पहिल्या मोजणीत रिपब्लिकन उमेदवार पुढे होता. दुसऱ्या पसंतीनंतर डेमोक्रॅट जेरेड गोल्डन निवडून आले. २०२० साली राष्ट्राध्यक्षपदासाठीही मेनने तीच पद्धत वापरली. अलास्कानेही त्याच वर्षी ती मंजूर केली. पण २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ऑरेगन येथील मतदारांनी ती नाकारली, आणि अलास्कात ती जेमतेम काहीशे मतांनी वाचली. कारणे अनेक असतील. पद्धत किचकट वाटते, मोजणीला वेळ लागतो, आणि नव्या वहीत नोंदी करायची सवय माणसाला पटकन लागत नाही. आमच्या बँकेत संगणक आले तेव्हाही वर्षभर लोक शेजारी जुने लेजर उघडे ठेवून बसत.

म्हणून तिसऱ्या पक्षाचे भवितव्य विचाराल तर, माझ्या मते, व्हाइट हाऊसच्या दिशेने बघून ते कळणार नाही. ‘नो लेबल्स’ या संघटनेने मध्यममार्गी उमेदवार देण्याचा घाट घातला आणि नाव घ्यावे असा माणूस न मिळाल्याने एप्रिल २०२४ मध्ये तो सोडून दिला. जुलै २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी ‘अमेरिका पार्टी’ची घोषणा केली, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस असूनही त्या वर्षात घोषणेपलीकडे फारसे काही झाले नाही. पैसा पेरोकडेही होता. त्याने स्वतःचे सहा कोटी डॉलरहून अधिक खर्च केले. अडचण पैशाची नव्हती.

२०२८ साली पुन्हा कुणीतरी उभा राहील. तेव्हा त्याचा चेहरा आणि भाषण बाजूला ठेवून तीन साधे प्रश्न विचारावेत. किती राज्यांत त्याचे नाव मतपत्रिकेवर आहे? कोणत्या एखाद्या राज्यात तो पहिला येण्याजोगा आहे? आणि मते मोजण्याची पद्धत मागच्या वेळेपेक्षा कुठे बदलली आहे? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर निकाल सांगायला ज्योतिषी नको.

पण मतदाराला खुळा म्हणण्याची घाई करू नये. १९२० साली समाजवादी पक्षाचे युजीन डेब्स अटलांटाच्या तुरुंगातून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धाविरुद्ध भाषण केले म्हणून दहा वर्षांची शिक्षा, कैदी क्रमांक ९६५३. त्यांच्या अनुयायांनी तोच क्रमांक बिल्ल्यांवर छापला. सभा नाही, दौरा नाही. तरीही नऊ लाखांहून अधिक लोकांनी त्या कैद्याला मत दिले, आणि त्यांतल्या बहुतेकांना निकाल आधीच माहीत असणार. निवडून आलेले रिपब्लिकन अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी १९२१ च्या नाताळात डेब्स यांची सुटका केली आणि घरी जाण्याआधी व्हाइट हाऊसवर बोलावून त्यांची भेट घेतली. नऊ लाख मतांमुळेच ती सुटका झाली असे कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण निवडून आलेल्या माणसाने तो आकडा वाचला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.